महिनाअखेरीचा सामना

श्रीविद्या राव यांना महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोणी लग्नाला बोलावत नसे. बोलावून उपयोग नाही, हे चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक झालं होतं. पेरुंगुडीतल्या एका खानपान कंपनीत त्या पगाराचं काम बघत. सिरुसेरीच्या आणि त्या वाटेवरच्या मोठमोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कँटीन त्यांची कंपनी चालवायची. तिथे रांधणारे, वाढणारे, भांडी घासणारे असे सहाशेच्या वर लोक. पंचवीस तारखेला हजेरी बंद व्हायची आणि एक तारखेला पगार खात्यात पडायलाच हवा, असा कंपनीचा नियम.

प्रत्येक कँटीनचा सुपरवायझर हजेरीची एक्सेल शीट पाठवी आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणी हजर माणसापुढे एकचा आकडा लिही, कोणी बरोबरची खूण करी, कोणी नुसताच रकाना हिरवा रंगवी. सिरुसेरीचा कौशिक तर रजेच्या रकान्यात ‘बहिणीकडे बारसं, उद्या नक्की सांगतो’ असं तमिळमध्ये टाइप करून मोकळा होई. श्रीविद्याबाई ते सगळं वाचत, फोन करून विचारत आणि एकेक नाव हाताने सॉफ्टवेअरमध्ये भरत. त्यांच्या हातून कधी कोणाचा पगार चुकला नाही. पण त्या आठवड्यात त्या कोणाच्याच राहत नसत.

एरवी मात्र त्यांच्यासारखी हसरी बाई ऑफिसात नव्हती. पन्नाशीला आलेल्या, उंच, खांद्यांनी रुंद. कॉलेजात असताना त्या थ्रोबॉल खेळायच्या आणि अजूनही आठवड्यातून दोनदा सकाळी मांबलमच्या एका शाळेच्या मैदानावर खेळत. कॅप्टन होती अलमेलू, रेल्वेतून निवृत्त झालेली, एके काळी रेल्वेच्या संघातून खेळलेली. तिच्या संघात सगळ्या अशाच बाया: दोन शिक्षिका, दोन बँकवाल्या, एक होमिओपॅथीची डॉक्टर. दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी शहरातल्या महिला संघांची मोठी स्पर्धा भरे, आणि दर वर्षी अलमेलूची सगळ्यात उंच खेळाडू पेरुंगुडीत हजेऱ्या भरत बसलेली असे.

“तुझी ती कंपनी पगार फेब्रुवारीत देत नाही का?” अलमेलू चिडून विचारी.

“फेब्रुवारीतच देते. म्हणून तर जानेवारीत बसावं लागतं,” श्रीविद्याबाई म्हणत, आणि दोघी हसत. पण स्पर्धेच्या दिवशी श्रीविद्याबाईंचं लक्ष दिवसभर फोनकडे असे.

या वर्षी कंपनीचे मालक शेषाद्री यांनी नवं पगाराचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात एक सोय होती. ठरावीक नमुन्याची एक्सेल फाइल, म्हणजे टेम्प्लेट, सॉफ्टवेअरमध्ये एकदा रजिस्टर केली की त्या नमुन्यात भरलेली सगळी माहिती एका झटक्यात आत घेता यायची. टेम्प्लेटसाठी वेगळं लायसन्स लागे. ते आलं आणि ते लावून द्यायला सॉफ्टवेअर कंपनीने ऊर्मीला पाठवलं.

ऊर्मी मिरजेची. चेन्नईत येऊन चार महिने झाले होते. पीजीतल्या मुली चांगल्या होत्या, ऑफिसातली माणसं चांगली होती, पण सगळ्यांशी बोलायचं ते इंग्रजीत. मराठी फक्त रात्री फोनवर आईशी. कधी कधी दुपारी तिला वाटे, आपल्याला कोणाला तरी नुसतं ‘काय गं’ म्हणून हाक मारायची आहे.

गुरुवारी सकाळी ती श्रीविद्याबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. लॅपटॉप जोडला, लायसन्सचा लांबलचक क्रमांक टाकला आणि हजेरीची टेम्प्लेट रजिस्टर केली. पडद्यावर हिरवी पट्टी आली. मग रजेची. तीही झाली. तिसरी ओव्हरटाइमची. तीही रजिस्टर झाली, पण एक्सेलमधली माहिती आत घ्यायला गेल्यावर पडदा लाल झाला.

“अगं बाई, आता हिला काय झालं?” ऊर्मी स्वतःशीच पुटपुटली.

“काल रात्रीपासून रुसली असेल,” शेजारून आवाज आला. “मज विचारशील तर आधी कॉफी घे, मग तिजकडे पाहूं.”

ऊर्मी गर्रकन वळली. श्रीविद्याबाई गालात हसत होत्या.

“तुम्ही... तुम्हाला मराठी येतं?”

“येत्ये की! घरी आम्ही हेंच बोलतों. आमचे लोक तंजावरचे. शिवाजी महाराजांचे बंधू तिकडे आले ना, त्यांजबरोबर आले, ते परत जायाचें विसरले.” त्या थांबल्या. “तुज माझी मराठी कळते का, मा? आमची थोडी जुनी आहे.”

ऊर्मीला सगळं कळत होतं. शब्द ओळखीचे होते, चाल मात्र तमिळ, आणि तो लाडाने म्हटलेला ‘मा’ही तमिळच. वाक्याच्या शेवटी आवाज झोका घेऊन वर जायचा. तिला एकदम इतकं बरं वाटलं, की ती नुसती मान हलवत राहिली.

“अय्यो, रडूं नको बाई. मशीनच तर बिघडलीय.”

“रडत नाहीये मी,” ऊर्मी डोळे पुसत म्हणाली. “मॅडम, तुम्ही परत एकदा बोला ना काहीतरी.”

“मॅडम कसली? अक्का म्हण. इकडे सगळी अक्काच म्हणतात.”

कॉफी झाली. मग दोघी कामाला लागल्या. लाल पट्टीवर लिहिलं होतं, टेम्प्लेटची रचना मान्य नाही. ऊर्मीने ती फाइल उघडली आणि बघतच राहिली. वरच्या दोन ओळी एकत्र करून त्यात कंपनीचं केळीच्या पानाचं चित्र बसवलं होतं, खाली झगझगीत केशरी पट्टा, आणि सगळे मथळे जाड अक्षरात.

“हे कोणी केलं?”

तेवढ्यात शेषाद्री स्वतः दारात आले. साठीचे गृहस्थ, कपाळावर गंध, चालण्यात उत्साह. “छान दिसतंय ना?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. “काल घरी बसून केलं. फाइल फार रुक्ष होती हो. आपण जेवण वाढणारी माणसं, पानाशिवाय कसं चालेल?”

ऊर्मीने त्यांना शांतपणे समजावलं. टेम्प्लेटचा एकही रकाना हलवायचा नसतो, ओळी एकत्र करायच्या नसतात. सॉफ्टवेअर पहिल्या ओळीत मथळे शोधतं, तिथे त्याला केळीचं पान मिळालं. शेषाद्री आधी गोंधळले, मग खो खो हसायला लागले. “म्हणजे त्याला भूक नव्हती!” म्हणाले आणि कान पकडून निघून गेले.

हसून झालं, पण घोटाळा राहिलाच. बिघडलेलीच फाइल रजिस्टर झाली होती, आणि एकदा लावलेली टेम्प्लेट रद्द करायची तर परवानगी पुण्याच्या ऑफिसातून लागे. ऊर्मीने तिथल्या क्षितिजला फोन लावला. तो तिचा चांगला मित्र. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“अर्ज टाक. सोमवारी होईल.”

“सोमवारी? आज नाही होणार?”

“अगं, रद्द करायचे अधिकार ज्यांना आहेत त्या सरांच्या मुलीचं लग्न आहे. ते मांडवात आहेत. मी तरी काय करू?”

ऊर्मीने फोन ठेवला आणि अक्कांना सांगितलं. अक्कांनी बांगड्या मागे सारल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला.

“असूं दे. ओव्हरटाइम हाताने भरीन. शनिवारी संध्याकाळपर्यंत होईल.”

“शनिवारी काही होतं का तुमचं?”

तेव्हा ऊर्मीला स्पर्धेचं कळलं. अक्कांनी फोनमध्ये संघाचा फोटो दाखवला. निळ्या टीशर्टातल्या बाया, कोणाच्या केसांत मोगऱ्याचा गजरा, मधोमध शिट्टी गळ्यात घातलेली अलमेलू. “या वर्षी जाईन म्हणून सांगितलें होतें तिला. नवीन सॉफ्टवेअर येतंय म्हणून,” अक्का म्हणाल्या. “पुढच्या वर्षी जाईन. त्यांत काय.”

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की ऊर्मीला राहवेना. तिने लायसन्सचं पान पुन्हा उघडलं आणि वरपासून खालपर्यंत वाचायला घेतलं. असल्या अटी कोणी वाचत नाही, तिनेही आजवर वाचल्या नव्हत्या. मध्येच ती थांबली.

“अक्का, तुमच्या सरांनी किती टेम्प्लेटचं लायसन्स घेतलंय?”

“तीन हवीं होतीं. पण पाचाचा संच होता, तो घेतला.”

“मग दोन शिल्लक आहेत!”

अक्का पडद्याजवळ आल्या. “म्हणजे?”

“म्हणजे ती बिघडलेली ओव्हरटाइमची राहू दे तशीच. सोमवारी रद्द होईल तेव्हा होईल. आपण कोरी फाइल घेऊन नवीन नावाने दुसरी रजिस्टर करू.”

“म्हणजे बाकावर दोन खेळाडू बसलेले आहेत,” अक्का सावकाश म्हणाल्या, “आणि आम्ही इकडे रडत बसलों होतों!”

नवी फाइल रजिस्टर झाली. हिरवी पट्टी आली. अक्कांनी ऊर्मीच्या पाठीत असा धपाटा घातला की तिच्या हातातली उरलेली कॉफी हिंदकळली.

दुपारभर अक्का सुपरवायझरांना फोन करत होत्या. तमिळमध्ये, प्रत्येकाला एकच गोष्ट: पाठवलेल्या फाइलमध्येच भरा, मथळ्याला हात लावू नका, रंग देऊ नका, कथा लिहू नका. कौशिकला त्यांनी ते तीनदा ऐकवलं. तो म्हणाला, “अक्का, मग रजेचं कारण कुठे सांगू?” त्या म्हणाल्या, “मला फोनवर सांग. मला ऐकायचंच असतं ते.”

शुक्रवारी शीट येऊ लागल्या. पहिली आत घेतली तर निम्मी माणसं बाहेर. अक्कांचा चेहरा उतरला. ऊर्मीने बघितलं तर त्या कर्मचाऱ्यांच्या क्रमांकांची सुरुवात शून्याने होत होती आणि एक्सेलने आपल्या शहाणपणाने ती शून्यं खाऊन टाकली होती. तिने तो रकाना आकड्यांऐवजी मजकुराचा करून दिला, शून्यं परत भरली, आणि माणसंही परत आली. मग एकामागून एक शीट आत गेल्या. पडद्यावर नावं सरसर वर सरकत होती. इडलीचं पीठ वाटणारे, भाजी चिरणारे, ट्रे गोळा करणाऱ्या बाया. ज्या नावांना अक्का दर महिन्याला एकेक करून भेटायच्या, ती सगळी जणू मिरवणुकीने चालली होती.

अक्कांचा विश्वास बसेना. त्यांनी मधूनच कुठलंही नाव काढून ताडून बघितलं. बरोबर. दुसरं बघितलं. तेही बरोबर. मग त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि स्वतःच्या हातांकडे बघू लागल्या.

“आता मी काय करूं?”

“घरी जा, अक्का. उद्या मॅच आहे ना?”

“पण सिरुसेरीची शीट अजून यायची आहे. कौशिक उद्या सकाळी पाठवतो म्हणाला.”

दारातून शेषाद्रींचा आवाज आला. ते केव्हापासून उभे होते कोणास ठाऊक. “ती मी घेतो आत. मला शिकवा. मीच बिघडवलं होतं, एक तरी नीट करू दे.”

अक्कांनी त्यांना शिकवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा त्यांच्याच हाताने करून घेतलं. फाइल निवडा, टेम्प्लेट निवडा, तपासा, मग आत घ्या. शेषाद्री शाळेतल्या मुलासारखे प्रत्येक पायरी मोठ्याने म्हणत होते. निघताना अक्का दारापर्यंत जाऊन परत आल्या. “सर, रंग देऊ नका हं.”

शनिवारी ऊर्मी नुसती बघायला म्हणून गेली. मैदानाभोवती शामियाना, लाउडस्पीकरवर नावं पुकारणारा निवेदक, पेरू विकणारी बाई, आणि निरनिराळ्या रंगांच्या टीशर्टातल्या कितीतरी बाया. अक्का निळ्या टीशर्टात ओळखूच येत नव्हत्या. पण संघ मात्र गडबडीत होता. डॉक्टरीणबाई, म्हणजे कल्पना, आल्याच नव्हत्या. त्यांच्या लेकीला पहाटेच कळा सुरू झाल्या होत्या आणि त्या थेट हॉस्पिटलात गेल्या होत्या. सात जणी लागत, मैदानावर सहाच होत्या.

अलमेलूने ऊर्मीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अक्कांना तमिळमध्ये काहीतरी विचारलं.

“ती विचारते, तुज खेळतां येतें का?” अक्का म्हणाल्या.

“मी शाळेत व्हॉलीबॉल खेळायचे. पण हे...”

पुढचं कोणी ऐकलंच नाही. ऊर्मीच्या अंगावर अलमेलूच्या पिशवीतला कल्पनाचा टीशर्ट चढला, तो तिला गुडघ्यापर्यंत आला, आणि नाव नोंदवून तिला मैदानात ढकलण्यात आलं. समोर होता सिरुसेरीच्या कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीचा संघ. सगळ्या तिच्याच वयाच्या, चपळ, एकसारखे बूट घातलेल्या. मांबलमच्या बायांकडे बघून त्या अदबीने हसल्या.

थ्रोबॉलमध्ये जाळीपलीकडून आलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा आणि लगेच एका हाताने परत फेकायचा. थापटायचा नाही. ऊर्मीकडे पहिला चेंडू आला तसा तिने सवयीने तो जोरात थापटला. चेंडू थेट पेरूवालीच्या टोपलीत गेला. शिट्टी वाजली, गुण गेला.

“पकड, मा, पकड!” अक्का ओरडल्या. “मारूं नको त्याला, तो आपला आहे!”

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा ऊर्मीने डोळे मिटून हात पुढे केले आणि चेंडू छातीशी येऊन बसला. तिने तो कसाबसा फेकला, तो जाळीवर आदळून पलीकडे टपकन पडला आणि समोरच्या मुली बघतच राहिल्या. गुण मिळाला. अलमेलूने अशी किंकाळी मारली की निवेदकसुद्धा दचकला.

आणि अक्का! ऊर्मीने दोन दिवस ज्या बाईला खुर्चीत वाकून बसलेलं बघितलं होतं, ती ही नव्हेच. त्या मागे उभ्या राहत, चेंडू डोक्यावरच्या डोक्यावर झेलत आणि खांद्यातून असा सोडत की तो समोरच्या कोपऱ्यात जाऊन धप्पकन बसे. पहिला सेट मांबलमने घेतला. दुसरा त्या मुलींनी. आता त्यांचं अदबीचं हसू गेलं होतं.

तिसऱ्या सेटच्या आधी पाणी प्यायला सगळ्या बाजूला आल्या, तेव्हा अक्कांच्या पिशवीतला फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं: शेषाद्री सर. अक्कांनी फोन हातात घेतला. तो वाजत होता, आणि तिकडे पंच शिट्टी फुंकून बोलावत होता.

“घेऊ का मी?” ऊर्मीने विचारलं.

अक्कांनी फोनकडे बघितलं, मग मैदानाकडे. “तूं कोठे घेतेस? तूं तर खेळतेस,” त्या म्हणाल्या, आणि वाजता फोन पिशवीत परत टाकून आत धावल्या.

तो सेट लांबत लांबत गेला. शेवटी गुण बरोबरीत असताना समोरच्या मुलीने ऊर्मीला हेरून तिच्याकडेच चेंडू टाकला. ऊर्मीने तो झेलला. घट्ट, दोन्ही हातांनी. फेकताना तिचा तोल गेला, पण चेंडू गेला. परत आला तो अलमेलूने घेतला. पुन्हा आला, आणि या वेळी अक्कांनी जाळीपाशी धाव घेऊन तो वरच्या वर पकडला आणि त्याच दमात समोरच्या दोघींच्या मधल्या मोकळ्या जागेत टाकला. पुढच्याच सर्व्हिसवर समोरचीच्या हातून चेंडू सुटला, आणि मांबलमच्या बायांनी मैदानात असा गोंधळ घातला की पुढच्या सामन्याचे संघ हसत उभे राहिले.

धाप ओसरल्यावर अक्कांनी फोन लावला. पलीकडून शेषाद्रींचा आवाज ऊर्मीलाही ऐकू आला.

“अहो, आत गेली! सिरुसेरी पूर्ण आत गेली. सॉफ्टवेअरने विचारलं, खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. बटण दाबलं. हिरवी पट्टी! तेच सांगायला फोन केला होता. तुम्ही उचलला का नाहीत?”

“सर, मी खेळत होते,” अक्का म्हणाल्या.

“जिंकलात?”

“जिंकलों!” अक्का एकदम मराठीत ओरडल्या. शेषाद्रींना शब्द कळला नसावा, पण तेही पलीकडून ओरडले.

दुपारच्या सामन्यात पोलीस दलाच्या संघाने त्यांना सरळ दोन सेटमध्ये धुऊन काढलं. कोणाला वाईट वाटलं नाही. तोवर कल्पनाचा निरोप आला होता की नात झाली, आणि अलमेलूने समोरच्या दुकानातून म्हैसूरपाकाचा पुडा आणवून पोलिसांच्या संघालाही वाटला.

संध्याकाळी सगळ्या अलमेलूच्या घरी जमल्या. अडई, म्हणजे डाळ-तांदळाचे जाड डोसे, आणि कॉफी. ऊर्मीचे तळवे लालभडक झाले होते आणि ती ते आईला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती.

“अगं, पडलीस की काय कुठे?” आई घाबरली.

“पडले नाही गं, खेळले! आणि आई, या बघ अक्का. यांच्याशी बोल.”

तिने फोन अक्कांच्या हातात दिला. अक्कांनी आधी केस नीट केले, गजरा पुढे घेतला, मग पडद्यासमोर हात जोडले.

“नमस्कार. तुमची लेक मजपाशी आहे. फार गुणी पोर. झेल सुटतात थोडे, तें मी पाहून घेईन. तुम्ही चिंता करूं नका.”

मिरजेहून ऊर्मीच्या आईचा आवाज आला, एकदम मऊ झालेला. “अहो, तुम्ही किती छान बोलता! आमच्या पणजीबाई असं बोलायच्या. तुमचं माहेर कुठलं?”

“माहेर तंजावर. तें असें झालें पाहा...” अक्कांनी मांडी घालून भिंतीला पाठ टेकवली आणि शिवाजी महाराजांच्या बंधूंपासून सुरुवात केली. त्यांची कॉफी शेजारी निवत होती. ऊर्मीने थोडा वेळ वाट बघितली, आणि ती उचलून स्वतःच पिऊन टाकली.